मुलीसाठी निवासी शाळा की कोल्हापुरातील वसतिगृह : माजी विद्यार्थिनींच्या आठवणींवरून एक तुलना

मार्च महिना सरत आला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत एकच विषय निघतो : मुलीला पुढच्या शिक्षणासाठी बाहेर ठेवायचे का, आणि ठेवायचे तर कोठे. चंदगड, आजरा, भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा या डोंगराळ तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर शाळा असली तरी ती चौथीपर्यंत किंवा फार तर सातवीपर्यंत असते, पुढची शाळा मोठ्या गावात असते, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की तेथवर पोहोचण्याची खात्री राहत नाही. अशा पालकांसमोर मुख्यतः दोन पर्याय येतात. पहिला पूर्ण निवासी शाळेचा, जेथे वर्ग, जेवणघर, मैदान आणि झोपण्याच्या खोल्या एकाच कुंपणाच्या आत असतात. दुसरा कोल्हापूर शहरातल्या मुलींच्या वसतिगृहाचा, जेथे मुलगी राहते एका ठिकाणी आणि शिकायला जाते दुसऱ्या शाळेत, शहरातल्या घरी राहणाऱ्या मुलींबरोबर. दोन्हींची माहितीपत्रके वाचली तर सकस आहार, सुरक्षित वातावरण आणि वैयक्तिक लक्ष हे शब्द दोन्हींकडे सारखेच आढळतात, त्यामुळे निर्णयाला त्यांचा उपयोग होत नाही.

म्हणून येथे तुलना केली आहे ती तेथे राहून गेलेल्या मुलींच्या आठवणींच्या आधाराने. माझी नोकरी शहरातील एका माध्यमिक शाळेत झाली आणि माझ्या वर्गात वसतिगृहातून येणाऱ्या मुली कायम असत. निवासी शाळांतून शिकलेल्या स्त्रिया नात्यात, शेजारात आणि सहकाऱ्यांत भेटत गेल्या. माझे मत आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना वाचकाला ते तपासता येईल. घरापासून शाळा एसटीच्या टप्प्यात असेल तर सातवीपर्यंत मुलीला घरीच ठेवावे. आठवीपासून शहरातील वसतिगृह बहुतेक मुलींना अधिक मानवते. पाचवी-सहावीतच निवासी शाळा निवडावी ती फक्त घराजवळ शाळेची सोयच नसेल किंवा घरची परिस्थिती मुलीला शिकू देणारी नसेल तेव्हा. या मताला अपवाद आहेत आणि त्यातले काही ठळक आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिले आहे.

कोल्हापूरला वसतिगृहांचे अप्रूप नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली, आणि दसरा चौकाच्या परिसरात आजही त्यांपैकी काहींच्या इमारती दिसतात. मात्र ही परंपरा प्रामुख्याने मुलग्यांची होती. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला हजर राहिल्यानंतर शुद्धीची आंघोळ करण्यास नकार दिल्यामुळे भाऊराव पाटलांना आपले बोर्डिंग सोडावे लागले, ही हकीकत जिल्ह्यात अनेकांना तोंडपाठ असते. त्या तोडीची मुलींच्या वसतिगृहातली एखादी हकीकत कोणाला विचारली तर आठवत नाही. मुलींच्या बाबतीत सुरुवात वेगळ्या वाटेने झाली. १९१८ साली महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीतील अपघातात गेले, तेव्हा त्यांच्या बालविधवा पत्नी इंदुमतीदेवी यांना शिकवण्याचा निर्णय महाराजांनी घेतला आणि त्यासाठी शहराबाहेर सोनतळी येथे व्यवस्था केली. घरापासून, म्हणजे तेथे राजवाड्यापासून, मुलीला दूर ठेवल्याशिवाय तिचे शिक्षण निर्वेध होणार नाही हा विचार त्यामागे दिसतो. पुण्यात १८८४ पासून हुजूरपागा ही मुलींची शाळा आणि १९०० पासून हिंगण्याचा कर्व्यांचा विधवांसाठीचा आश्रम हे काम करत होतेच. कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी व्ही. टी. पाटील यांनी १९४५ मध्ये ताराराणी विद्यापीठाची स्थापना केली, आणि त्यानंतरच्या पिढ्यांत खेड्यातली मुलगी शहरात राहून शिकते हे दृश्य हळूहळू सवयीचे झाले.

आता आठवणींकडे वळण्याआधी त्या कशा ऐकाव्यात याबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्याला ज्या येतात त्या दहावीपर्यंत टिकलेल्या असतात. पहिल्याच वर्षी गणपतीच्या सुट्टीत घरी गेलेली आणि परत न आलेली मुलगी मेळाव्याला येत नाही, तिला कोणी बोलावतही नाही. त्यामुळे मेळाव्यातून जे चित्र उभे राहते ते नेहमीच प्रत्यक्षापेक्षा उजळ असते. दुसरे असे की, आठवण सांगणारीच्या वयाप्रमाणे ती बदलते. पंचविशीतली मुलगी मेसमधल्या पातळ आमटीबद्दल अजून रागाने बोलते, तर पन्नाशीतली बाई त्याच आमटीचे गोडवे गाते आणि आपल्या मुलीला मात्र डबा घरूनच देते. जेथे सांगण्यात आणि करण्यात असा फरक दिसतो तेथे करण्यावर विश्वास ठेवावा. एखाद्या माजी विद्यार्थिनीने स्वतःच्या मुलीला त्याच ठिकाणी ठेवले आहे का, हा एक प्रश्न तासाभराच्या आठवणींपेक्षा अधिक सांगून जातो. अर्थात, आता तिची परिस्थिती बदललेली असते आणि घराजवळ चांगली शाळा असते, हेही लक्षात घ्यावे लागते.

दोन्ही व्यवस्थांमधला खरा फरक पहिल्या पावसाळ्यात उघड होतो. शाळा जूनमध्ये सुरू होते, त्याच सुमारास पाऊस धरतो, आणि घर सोडून आलेल्या मुलीचे पहिले दोन महिने आभाळाखाली न जाता व्हरांड्यात जातात. निवासी शाळेतल्या आठवणींमध्ये या दिवसांचे वर्णन विलक्षण सारखे असते : लोखंडी कॉटखाली सरकवलेली पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले नाव आणि इयत्ता, दिवे मालवल्यावर एका कॉटवरून सुरू झालेले मुसमुसणे आणि मग ओळीने सगळ्या खोलीचे रडणे. ऐकायला हे जड वाटते, परंतु निवासी शाळेच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट नेमकी यातच आहे. तेथे सगळ्याच मुली घरापासून लांब असतात, रडणे हे कोणा एकीचे व्यंग ठरत नाही, आणि सहावीच्या मुलीला सांभाळायला नववीतली एखादी ताई नेमून दिलेली असेल तर ती ताई वेणी घालण्यापासून पत्र लिहून देण्यापर्यंत सगळे करते. चाळीस वर्षांनंतरही त्या ताईचे नाव तत्काळ सांगता येते, मुख्याध्यापिकेचे नाव मात्र आठवावे लागते.

शहरातील वसतिगृहात हे दुःख विभागलेले असते, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे ते दिवसा अधिक टोचते. मधल्या सुट्टीत घरी राहणाऱ्या मुली डबे उघडतात. कोणाच्या डब्यात तूप लावलेली पोळी आणि बटाट्याची भाजी, कोणाच्या डब्यात थालीपीठ, आणि वसतिगृहातल्या मुलीच्या डब्यात सकाळी सहाला भरलेल्या, एव्हाना वातड झालेल्या चपात्या व कालचीच उसळ. वर्गात बसून मी पाहिले आहे की पहिल्या सत्रात या मुली डबा झाकणाआड धरून खातात, किंवा चौघीजणी मिळून वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात बसतात. दिवाळीनंतर चित्र पालटते. गावाकडून आणलेली कांदा-लसूण चटणी बरणीतून बाहेर येते, शहरातल्या मुलींना तिची चटक लागते, डब्यांची देवाणघेवाण सुरू होते, आणि एखाद्या मैत्रिणीची आई रविवारी जेवायलाच बोलावते. शहरात एक ओळखीचे घर मिळणे ही वसतिगृहात राहिलेल्या स्त्रियांच्या आठवणींतली फार मोलाची गोष्ट आहे, आणि निवासी शाळेच्या कुंपणाआड ती सहसा घडत नाही.

एक बारीक बदल दोन्हींकडच्या मुली सांगतात. आमच्या खेड्यांत मुलीसुद्धा ‘मी येतो’, ‘मी जातो’ असेच बोलतात. वर्षभर बाहेर राहून घरी गेलेली मुलगी ‘मी येते’ म्हणू लागली की भावंडे तिची टर उडवतात, आणि मग ती दोन ठिकाणी दोन तऱ्हेने बोलायला शिकते. निवासी शाळेत हा बदल सगळ्या जणींत एकदम होतो. शहरात तो हसू होण्याच्या भीतीने होतो. आठवीतली मुलगी ही भीती पचवते, पाचवीतली गप्प बसते. प्रवेशाच्या वयाबद्दल मी आग्रही आहे त्याचे एक कारण हे.

आठवणींत सर्वांत विस्ताराने येतात त्या आंघोळ, कपडे, आजारपण आणि पाळी या गोष्टी, आणि पालक भेटीच्या वेळी नेमके याच गोष्टींबद्दल काही विचारत नाहीत. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रिया पाण्याच्या बंबासमोरच्या रांगेचे वर्णन करतात : पहाटे पाचला टॉवेल खांद्यावर टाकून, हातात बादली घेऊन उभे राहायचे, एकीला एक बादली, आणि मागच्या मुलीने दारावर थाप मारली की अंगावरचा साबण निघाला असो वा नसो, बाहेर यायचे. कपडे पावसाळ्यात वाळत नसत. गणवेशाचा एकच जोड असणारी मुलगी तो रात्री धुऊन, तांब्यात निखारे घालून त्या तांब्याने ओला स्कर्ट दाबून काढत असे, आणि सकाळी प्रार्थनेला उभी असताना त्याची कुबट ऊब तिच्या पायांना जाणवत असे. हे सांगताना त्या हसतात. पाळीबद्दल सांगताना हसत नाहीत. कापडे वाळत घालायला जागा नव्हती, ती कपड्यांच्या खाली लपवून ओलीच वापरावी लागत, आणि पहिल्यांदा पाळी आली तेव्हा काय झाले हे समजावून सांगणारे कोणीही मोठे माणूस जवळ नव्हते, असे सांगणाऱ्या स्त्रियांची संख्या दोन्ही व्यवस्थांत मोठी आहे.

आज परिस्थिती सुधारली आहे. सौर बंब आहेत, पॅड मिळतात. तरीही फरक कोठे पडतो ते पाहावे. पाचवी-सहावीत घर सोडलेल्या मुलीची पहिली पाळी बहुधा बाहेरच येते, आठवीत घर सोडणाऱ्या बहुतेक मुलींची ती घरी आईजवळ आलेली असते. पाचवीत ठेवायचे असेल तर तेथील मेट्रनबाई रात्री त्याच मजल्यावर झोपतात का, आणि मुलगी त्यांचे दार कोणत्याही वेळी वाजवू शकते का, हे माजी विद्यार्थिनींना आवर्जून विचारावे. रेक्टर, म्हणजे वसतिगृहाच्या प्रमुख, सुशिक्षित, कर्तबगार आणि भाषणात पटाईत असू शकतात. मुलींच्या आठवणीत राहते ती रात्री ताप चढल्यावर कपाळावर ओली घडी ठेवणारी मेट्रनबाई. ती चांगली असेल तर साध्या इमारतीतले वर्षसुद्धा सुखाचे जाते, आणि ती कटकटी किंवा उदासीन असेल तर टाईल्स लावलेली न्हाणीघरेही उपयोगाची नसतात. आजारपणाच्या बाबतीत शहरातील वसतिगृहाची बाजू निश्चित वरचढ आहे, कारण दवाखाने जवळ आहेत. गावाबाहेर माळावर असलेल्या निवासी शाळेने रात्रीसाठी वाहनाची काय सोय केली आहे हे आधी पाहून घ्यावे.

कोल्हापूरच्या बाबतीत पुराचा विचार टाळता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या महापुराने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, उपसा केंद्रे बुडाल्यामुळे शहराचा नळाचा पाणीपुरवठा बंद पडला आणि टँकरवर दिवस काढावे लागले. जुलै २०२१ मध्येही महामार्ग पुन्हा बंद झाला. २०१९ च्या पुरात शहरातल्या वसतिगृहांत अडकलेल्या मुलींच्या आठवणी अजून ताज्या आहेत. काहींच्या वसतिगृहांनी पाऊस वाढताच पालकांना कळवून मुलींना घरी धाडले. काहींना शेवटपर्यंत काहीच सांगितले गेले नाही आणि पालक दोन्ही बाजूंनी पाण्यात अडकले. वसतिगृह नदीकाठच्या सखल भागात आहे की उंचावर, आणि २०१९ मध्ये तेथे नेमके काय केले गेले, हे त्या वर्षी तेथे असलेल्या मुलीलाच विचारावे.

अभ्यासाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. निवासी शाळेत संध्याकाळचा अभ्यास बाईंच्या देखरेखीखाली होतो, अडलेले लगेच विचारता येते, आणि दहावीच्या गुणांत त्याचा लाभ दिसतो. वसतिगृहात अभ्यासाचा तास असतो पण शिकवणारे कोणी नसते. मुलगी स्वतः बसणारी असेल तर ठीक, नसेल तर शिकवणी लावावी लागते. मात्र दहावीनंतर हिशेब उलटतो. निवासी शाळेतून कोल्हापूरच्या महाविद्यालयात आलेल्या मुलींचे अकरावीचे वर्ष गोंधळात जाते, असे त्या स्वतःच सांगतात. सहा वर्षे घंटेवर उठलेल्या, घंटेवर जेवलेल्या मुलीला मोकळा तास मिळाला की त्याचे काय करावे हे कळत नाही. केएमटीची, म्हणजे शहर बससेवेची, कोणती बस कोठे जाते, बँकेत खाते कसे उघडतात, दुकानदाराने जास्त पैसे घेतले तर काय बोलायचे, हे सारे ती सोळाव्या वर्षी शिकू लागते. शहरातल्या वसतिगृहात राहिलेली मुलगी हे आठवीत शिकलेली असते, कारण वह्या आणायला तिला महाद्वार रोडपर्यंत जावे लागलेले असते आणि सातच्या आत परत यायचे असल्यामुळे वेळेचा हिशेबही तिचा तिने ठेवलेला असतो.

फाटकाचा प्रश्न याला लागूनच येतो. मुलग्यांच्या बोर्डिंगच्या आठवणी बाहेरच्या असतात : तालीम, रंकाळा, खासबाग मैदानातल्या कुस्त्या, पहाटेचे म्हशीच्या धारेचे दूध. मुलींच्या आठवणी आतल्या असतात : गच्ची, जिना, बंद फाटक, भेटायला येणाऱ्यांची यादी. वडील आणि भाऊ यांच्याखेरीज कोणी आल्यास परवानगी नाही, मामा असेल तर आईची चिठ्ठी हवी, असे नियम दोन्हीकडे होते आणि आहेत. यात सुरक्षिततेचा भाग आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. परंतु आलेली पत्रे फोडून वाचायची, गेलेली पत्रे उघडीच द्यायला लावायची, ही रीत सुरक्षिततेची नव्हती, आणि तिच्याबद्दलची चीड साठी उलटलेल्या बायकांच्या बोलण्यातही शिल्लक आहे. एक जण सांगत असे की ‘येथे सर्व ठीक आहे’ हे वाक्य तिने इतक्या वेळा लिहिले की शेवटी आईने ते वाचणेच सोडले आणि अक्षर कसे पडले आहे यावरून लेकीची प्रकृती ओळखू लागली. आज पत्रांची जागा फोनने घेतली आहे. आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटे, आणि विशेषतः बोलताना शेजारी कोणी उभे असते का, एवढे विचारावे. शेजारी बाई उभ्या असतील तर मुलगी आजही ‘येथे सर्व ठीक आहे’ असेच सांगणार.

शिक्षा आणि मोठ्या मुलींचा जाच यांबद्दल निवासी शाळांतल्या आठवणी अधिक कडू आहेत, आणि त्याचे कारण तेथील माणसे वाईट असतात असे नाही. वर्गात शिकवणारी बाई, जेवणघरात उभी असणारी बाई आणि रात्री हजेरी घेणारी बाई एकच असेल, तर तिच्याबद्दलची तक्रार मुलीने कोणाकडे करायची? शहरातील वसतिगृहातल्या मुलीला शाळेतल्या बाई वेगळ्या असतात. सुजलेले डोळे, न झालेला गृहपाठ, अचानक गप्प झालेली मुलगी हे वर्गशिक्षिकेच्या ध्यानात येते, आणि तिला वसतिगृहाची भीड नसते. माझ्या वर्गातली एक मुलगी सलग काही दिवस अर्धा डबा परत नेत होती. चौकशी केल्यावर कळले की तिच्या वसतिगृहात वरच्या वर्गातल्या मुली तिच्याकडून आपले कपडे धुऊन घेत होत्या आणि नकार दिल्यास रात्री तिची गादी भिजवून ठेवत होत्या. रेक्टरांना हे ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक करून घ्यायचे नव्हते. शाळेने पालकांना बोलावल्यावर खोली बदलून मिळाली. हीच गोष्ट एकाच कुंपणाच्या आत घडली असती तर ती बाहेर येण्यास किती काळ लागला असता, हा विचार मला अस्वस्थ करतो.

कायद्याने आज मुलीची बाजू पूर्वीपेक्षा भक्कम आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे, बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, राज्यातील शाळांत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचे आदेश २०२२ मध्ये निघाले, आणि १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक कोठूनही लागतो. हा क्रमांक भिंतीवर लावलेला आहे का हे पाहणे सोपे आहे. मुलींना फोनपर्यंत कोणाला न विचारता जाता येते का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

खर्चाच्या बाजूने विचार करता काही पर्याय इतरांपेक्षा इतके वेगळे आहेत की त्यांची वरील तुलनेत सरसकट गणना करू नये. कागलचे जवाहर नवोदय विद्यालय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, हा त्यांपैकी पहिला. ती केवळ मुलींची शाळा नाही, पण सहावीच्या प्रवेशात किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात, निवास, भोजन आणि शिक्षण मोफत असते, आणि नववीपासून काही विद्यार्थ्यांकडून घेतला जाणारा विकास निधीही मुलींना माफ आहे. निवड परीक्षेतून प्रवेश मिळाला, तर सहावीत घर सोडू नये हे माझे मत मी बाजूला ठेवीन, कारण त्या दर्जाचे शिक्षण त्या खर्चात अन्यत्र मिळणे कठीण आहे. मात्र नववीत काही मुलामुलींना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातील नवोदयमध्ये पाठवले जाते, याची पालकांना आधी कल्पना असावी. तेथे जाऊन आलेली मुले ते वर्ष सर्वांत कठीण असल्याचे सांगतात आणि सर्वांत अधिक त्याबद्दलच बोलतात. दुसरा पर्याय सैनिकी शाळांचा. पुण्याजवळ कासार आंबोली येथे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा आहे आणि तिच्या माजी विद्यार्थिनी आता ठिकठिकाणी भेटतात. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासूनची असली तरी तेथे मुलींना प्रवेश मिळू लागला तो अगदी अलीकडे, त्यामुळे तेथे सगळे शालेय जीवन काढलेल्या स्त्रीची आठवण आज कोणाला ऐकायला मिळणार नाही. तेथे निर्णय पूर्णपणे प्रत्यक्ष भेटीवर घ्यावा लागेल. पाचगणीच्या कॉन्व्हेंट शाळांचा खर्च सर्वसाधारण शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे, म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

शहरातील वसतिगृहांत समाजकल्याण विभागाची मागासवर्गीय मुलींसाठीची शासकीय वसतिगृहे आहेत, जेथे निवास व भोजन मोफत असते आणि प्रवेश जागांच्या मर्यादेत मिळतो. संस्थांची आणि समाजांची वसतिगृहे माफक शुल्कात चालतात. आणि खासगी वसतिगृहे आहेत, ज्यांपैकी कित्येक म्हणजे केवळ कॉट भाड्याने देणारी घरे आहेत. शाळकरी मुलीसाठी यातला शेवटचा प्रकार मी विचारातच घेणार नाही. तेथील आठवणी महाविद्यालयीन मुलींच्या असतात आणि त्या स्वातंत्र्याच्या असतात; तेरा वर्षांच्या मुलीला ते स्वातंत्र्य नको असते, कोणीतरी हजेरी घेणारे हवे असते.

आणि तिसरा पर्याय, घरीच ठेवण्याचा, ज्याची गणती पालक पर्याय म्हणून करतच नाहीत. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. रोज एसटीने जाऊन शिकलेल्या स्त्रियांच्या आठवणीत चुकलेली गाडी, मागच्या सीटवरचा अभ्यास, आणि संध्याकाळी उशीर झाला की फाट्यावर कंदील किंवा बॅटरी घेऊन उभे असलेले आजोबा येतात. त्यांना गुण काहीसे कमी पडले असतील, कारण घरी आल्यावर भांडी आणि धाकटी भावंडे वाट पाहत असत. येथेच घरच्या माणसांनी प्रामाणिक व्हावे. मुलीला बाहेर ठेवण्याचे कारण घरातले काम हेच असेल, तर दोन तास अभ्यासाला मोकळे करून देणे हे प्रवेश शुल्कापेक्षा स्वस्त आहे. मात्र घरात दारू असेल, मारहाण असेल, किंवा दहावीच्या आधीच स्थळे पाहण्याची भाषा सुरू झाली असेल, तर निवासी शाळा कितीही कडक असली तरी ती निवडावी, आणि शक्य तितक्या लवकर निवडावी. अशा घरातून आलेल्या स्त्रिया बंद फाटकाबद्दल तक्रार करत नाहीत; त्या फाटकामुळे आपण शिकलो, असे त्या म्हणतात, आणि ते शब्दशः खरे असते. चंदगडसारख्या तालुक्यातून, जेथून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून दूर आणि बेळगाव जवळ आहे, शहरातील वसतिगृहात मुलीला ठेवले तर महिन्याला भेट होणेही अवघड जाते. तेव्हा तेथल्या पालकांनी गडहिंग्लजसारख्या जवळच्या गावातले वसतिगृह आधी पाहावे, कोल्हापूरच्या नावाला भुलू नये.

ठरवण्यापूर्वी तीन माजी विद्यार्थिनींना भेटावे, आणि त्यांपैकी एक तरी अशी असावी की जिने ते ठिकाण मध्येच सोडले. तिचे नाव संस्था देणार नाही, पण गावात ते कोणाला तरी माहीत असतेच. तिने सोडण्याचे कारण जेवण किंवा करमेनासे होणे असे असेल तर काळजी नाही, कारण ते सगळीकडे आहे. कारण सांगताना ती विषय बदलू लागली किंवा तिची आई मध्ये बोलू लागली, तर त्या ठिकाणचा विचार सोडून द्यावा. संस्थेची भेट मे महिन्यात घेऊ नये, त्या वेळी खोल्या रिकाम्या आणि नुकत्या रंगवलेल्या असतात. शक्य असल्यास आदल्या वर्षीच्या जुलैत, संध्याकाळच्या जेवणाच्या सुमारास जावे आणि दोरीवर कपडे कसे वाळत आहेत, पानात किती टाकले जात आहे, धाकट्या मुली मेट्रनबाईंच्या जवळून जाताना पावले आवरतात की बिलगतात, हे पाहावे. मुलीला बरोबर न्यावे. तिला काय वाटले हे परतीच्या एसटीत विचारू नये, दोन दिवसांनी विचारावे.

प्रवेश घेतल्यावर पहिल्या सहामाहीत मुलीचे मन लागले नाही तर तिला परत आणता येते, ही गोष्ट बऱ्याच पालकांना ठाऊक नसते, किंवा भरलेल्या शुल्कामुळे आणि लोक काय म्हणतील या धास्तीने ती ध्यानात घेतली जात नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतच्या मुलीला वर्षाच्या मध्येही शासकीय किंवा अनुदानित शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, आणि दाखला मिळण्यास उशीर झाला एवढ्या कारणावरून तिला बाहेर ठेवता येत नाही. नववीपासून हे संरक्षण राहत नाही. त्यामुळे आठवीत प्रवेश घेतला असेल तर राहायचे की परतायचे याचा निर्णय त्याच वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आलेली असताना, तिच्यासमोर बसून करावा.